कुलूप नसलेली अक्षरं

मेलबर्नला आल्यापासून मी इंग्रजीतून मराठीत भाषांतर करते. दवाखान्यांची पत्रकं, शाळेकडून पालकांना जाणाऱ्या सूचना, वृद्धांसाठीच्या योजनांची माहिती, असं सगळं. त्याआधी पुण्यात, सदाशिव पेठेतल्या एका लहानशा डीटीपी सेंटरमध्ये मी अक्षरजुळणी करायची. दिवाळी अंक, प्रबंध, संस्थांचे अहवाल, लग्नपत्रिका. माझा चरितार्थ कायम मराठी अक्षरांवर चालला आहे, आणि ती अक्षरं पडद्यावर कशी उमटतात, कुणाच्या परवानगीने उमटतात, हा माझ्यासाठी रोजच्या कामाचा प्रश्न आहे. लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीकडे मी वळले ती याच वाटेने. मला संगणकशास्त्रातलं शिक्षण नाही आणि प्रोग्रॅमिंगही येत नाही.

निमित्त झालं ते २०१९ साली. विंडोज ७ ला मिळणारी सुरक्षा-अद्यतनं १४ जानेवारी २०२० ला थांबणार, असं जाहीर झालं होतं. माझा लॅपटॉप जुना असला तरी धडधाकट होता, कीबोर्ड हाताला बसलेला होता. त्याच वर्षी १ जुलैपासून व्हिक्टोरिया राज्यात ई-कचरा जमिनीत गाडायला बंदी आली, त्यामुळे जुनी यंत्रं कुठे द्यायची याची माहिती सगळीकडे लागली होती. आमच्या टार्नीटच्या ज्युलिया गिलार्ड लायब्ररीत मी त्याबद्दल विचारलं. तिथल्या ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "यंत्र चालतंय ना? मग टाकता कशाला? रिचमंडला एका शनिवारी जाऊन या."

रिचमंडला म्हणजे 'लिनक्स युजर्स ऑफ व्हिक्टोरिया' या गटाच्या नवशिक्यांसाठीच्या कार्यशाळेला. ती महिन्यातून एका शनिवारी इन्फोएक्सचेंज या समाजसेवी संस्थेच्या जागेत भरायची. टार्नीटहून सदर्न क्रॉस, तिथून गाडी बदलून नॉर्थ रिचमंड आणि पुढे व्हिक्टोरिया स्ट्रीटवरच्या व्हिएतनामी खाणावळींच्या बाजूने चालत. खोलीत लांब टेबलं, एक्स्टेंशनच्या वायरी आणि आपापली यंत्रं घेऊन बसलेली माणसं. प्रवेश फी नाही, नाव नोंदवायचं बंधन नाही.

माझ्याशेजारी येऊन बसले ते सत्तरीतले गृहस्थ, उभं आयुष्य टेलिफोनच्या कामात गेलेले. यंत्राचं मॉडेल, मेमरी, प्रोसेसर यातलं काहीही न विचारता त्यांनी पहिला प्रश्न केला, "तुम्ही या यंत्रावर दिवसभर काय काम करता?" मी सांगितलं. मराठी म्हणजे कुठली भाषा, लिपी कोणती, ती टाइप कशी करतात, हे त्यांनी बारकाईने विचारून घेतलं. एवढ्या वर्षांत कुठल्याही संगणकाच्या दुकानात मला कुणी हे विचारलं नव्हतं.

मग त्यांनी पेन ड्राइव्हवरून लिनक्स मिंट सुरू करून दिलं. माझ्या हार्ड डिस्कला हात न लावता आख्खी यंत्रणा पेन ड्राइव्हवरून चालते, हे मला नवीन होतं. कीबोर्डच्या यादीत मराठी होतं आणि इन्स्क्रिप्टही होतं. इन्स्क्रिप्टची मांडणी भारतीय मानक संस्थेने १९९१ साली प्रमाणित केली. मी ती पुण्यातच शिकले होते. प्रत्येक जुळारीण नव्या फाँटची परीक्षा घ्यायला काही शब्द मनात ठेवते. माझे ठरलेले शब्द आहेत 'दुसऱ्या', 'आर्थिक', 'कृष्ण', 'वाङ्मय', 'उद्ध्वस्त'. मी ते टाइप केले आणि सगळे शुद्ध उमटले. 'दुसऱ्या'तला तो आडवा, पापणीसारखा अर्धा र, जो हिंदीत नसतो आणि म्हणून अनेकदा मराठीच्या वाट्याला येत नाही, तोही जागच्या जागी आला. काही मुक्त फाँटमध्ये परिच्छेदाची भाषा मराठी ठरवली की 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे होतात, हे मला पुढे कळलं.

त्या दिवशी अडलं ते वायफायपाशी. माझ्या लॅपटॉपमधली चिप काही केल्या जोडणी घेईना. समोरच्या टेबलावरच्या एका बाईंनी आपल्या पिशवीतून नखाएवढा यूएसबी अडॅप्टर काढून माझ्यासमोर ठेवला. "परत करायची घाई नाही. तुमचं काम झालं की पुढच्या कुणाला तरी द्या." पुढे दोघा-तिघांनी मिळून त्या चिपचा फर्मवेअर शोधून बसवला आणि अडॅप्टर खरंच दुसऱ्या एका विद्यार्थ्याकडे गेला.

ऑस्ट्रेलियात मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीची मुळं किती खोल आहेत, ते मला हळूहळू समजत गेलं आणि बहुतेकदा एखाद्या कामाच्या निमित्ताने समजलं. माझ्या एका ग्राहकाच्या कार्यालयात सगळ्या फायली विंडोजच्या सर्व्हरवर असायच्या. माझं यंत्र त्याच्याशी बोलू लागलं ते साम्बामुळे. साम्बा लिहायला सुरुवात केली कॅनबेरातल्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत अँड्र्यू ट्रिजेल यांनी, १९९१-९२ च्या सुमारास, विद्यार्थी असताना. भाषांतरांची रोजची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवायला त्या टेलिफोनवाल्या गृहस्थांनी मला आरसिंक शिकवलं. तेही ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ साली जगाला दिलेलं. लिनक्सचा कर्ता लिनस टोरव्हाल्ड्स १९९३ साली कॅनबेरात आला असताना तिथल्या प्राणिसंग्रहालयात एका बुटक्या पेंग्विनने त्याला चावा घेतला होता. लिनक्सचं बोधचिन्ह पेंग्विन का, हे विचारलं की इथली माणसं ही हकीकत अभिमानाने सांगतात. १९९९ साली रस्टी रसेल यांनी स्वतःच्या क्रेडिट कार्डावर खर्च उचलून मेलबर्नला लिनक्सवाल्यांची पहिली राष्ट्रीय परिषद घेतली. पुढे तीच लिनक्स डॉट कॉन्फ डॉट एयू या नावाने दरवर्षी वेगवेगळ्या शहरांत भरत राहिली. २०११ च्या जानेवारीत ब्रिस्बेनला महापूर आला आणि ठरलेली जागा वापरता येईना, तेव्हा संयोजकांनी परिषद दुसऱ्या आवारात हलवली आणि पार पाडली. २००९ साली होबार्टच्या परिषदेत चेहऱ्यावरच्या कर्करोगाने मरणाऱ्या टास्मानियन डेव्हिल या प्राण्यासाठी निधी गोळा झाला आणि लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नेलच्या, त्या वर्षीच्या एका आवृत्तीवर पेंग्विनऐवजी त्या प्राण्याचं चित्र झळकलं.

आता ज्या कामासाठी मी रिचमंडच्या या माणसांची कायमची ऋणी आहे, त्याबद्दल.

पुण्याहून येताना मी माझ्याबरोबर सीडींचा एक डबा आणला होता. त्यात त्या डीटीपी सेंटरमधल्या वर्षांच्या फायली होत्या. अनेक छोट्या संस्थांचे अहवाल, दोन-तीन स्थानिक इतिहासाची पुस्तकं, एका शिक्षकांनी जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या. त्यातल्या बऱ्याच गोष्टींच्या छापील प्रती आता कुणाकडेही नाहीत. या फायली उघडत नव्हत्या. त्या काळात मराठी फाँटची पॅकेजेस मिळायची ती प्रिंटरच्या पोर्टला लावायच्या एका ठोकळ्यासकट. आम्ही त्याला 'लॉक' म्हणायचो. लॉक लावलं नाही तर सॉफ्टवेअर चालायचं नाही. पुढे लॅपटॉपांवरून ते पोर्टच गेलं. ज्या पॅकेजात मी काम केलं होतं ते नव्या यंत्रांवर चालेना, आणि पैसे भरून घेतलेली माझीच अक्षरं माझ्यासाठी बंद झाली.

पहिला अडथळा लिब्रेऑफिस या मुक्त सॉफ्टवेअरने दूर केला. आमची पानं पेजमेकरमध्ये मांडलेली होती आणि २०१५ सालापासून लिब्रेऑफिस पेजमेकरच्या जुन्या फायली उघडतं. जी कंपनी पेजमेकर विकायची तिने त्याचं काम कधीच थांबवलं होतं. स्वयंसेवकांनी मात्र त्या फायलींची रचना उलगडून ती वाचायची सोय केली होती. फाइल उघडली. आत मराठी नव्हतं. इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, कंस आणि विचित्र चिन्हांची रांग होती. त्या जुन्या फाँटमध्ये प्रत्येक मराठी तुकडा कुठल्या तरी इंग्रजी चिन्हाच्या जागी बसवलेला असायचा. फाँट गेला की अर्थ गेला.

मी ही अडचण शनिवारी टेबलावर मांडली. तिथे एक तरुण प्रोग्रॅमर यायचा, व्हिएतनामी आईवडिलांचा, इथेच जन्मलेला. त्याला देवनागरीतलं एकही अक्षर येत नव्हतं. मला पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत नव्हती. आम्ही दोघांनी मिळून तक्ता करायला घेतला. डाव्या रकान्यात फायलीतलं चिन्ह, उजव्या रकान्यात युनिकोड या जागतिक मानकातलं अक्षर. छापील पुस्तकाचं एक जुनं पान माझ्याकडे होतं, ते शेजारी ठेवून मी एकेक चिन्ह ओळखत गेले.

सरळ बदल करून काम भागलं नाही. जुन्या पद्धतीत आपण डोळ्यांना दिसतं त्या क्रमाने टाइप करायचो आणि युनिकोडमध्ये अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवतात. 'आर्थिक' हा शब्द घ्या. जुन्या फायलीत आधी आ, मग ऱ्हस्व वेलांटी, मग थ, मग रफार, मग क. युनिकोडमध्ये आ, मग र आणि हलन्त, मग थ, मग वेलांटी, मग क. एकाच शब्दात वेलांटीला मागे न्यायचं आणि रफाराला पुढे आणायचं. शिवाय 'ग', 'ण', 'श' यांचा काना वेगळा तुकडा असायचा. अर्धा ग आणि उभी रेघ मिळून पूर्ण ग. तिथे रेघ म्हणजे काना नाही, ती अक्षराचाच भाग आहे, हे यंत्राला सांगावं लागलं. 'स्थिती', 'शक्ती', 'वर्गणी', 'कीर्ती' असे शब्द मी त्याला लिहून द्यायची. तो नियम बांधायचा, चालवून बघायचा. मी वाचायची आणि चुका खुणावायची. तो थकून जाईल असं मला वाटायचं, पण पुढच्या शनिवारी तो स्वतःहून विचारायचा की जोडाक्षराच्या आधी वेलांटी आली तर ती नेमकी किती अक्षरं ओलांडून न्यायची. ही भाषा त्याची नव्हती, यातून त्याला एक पैसा मिळणार नव्हता, आणि तरी 'कीर्ती' बरोबर उमटल्यावर त्याला झालेला आनंद माझ्याइतकाच होता.

ओव्यांची फाइल जेव्हा पहिल्यांदा सरळ मराठीत वाचता आली, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या शिक्षकांच्या मुलीला मी ती पुण्याला पाठवली. तिच्याकडे वडिलांच्या हस्तलिखिताचं एक पानही उरलं नव्हतं.

फायली युनिकोडमध्ये आणणारा तो प्रोग्रॅम आम्ही जीएनयू जनरल पब्लिक लायसन्सखाली ठेवला. म्हणजे कुणीही वापरावा, बदलावा, वाटावा; पण बदल करून वाटणाऱ्याने तो बदलही इतरांसाठी खुला ठेवावा. हा परवाना मी शब्द न् शब्द वाचला. भाषांतरकार म्हणून रोज अटी-शर्तींचे मसुदे माझ्या हाताखालून जातात. 'करू नये' या शब्दांनी भरलेले मसुदे मी शेकड्याने पाहिले आहेत. वाचणाऱ्याला हक्क देण्यासाठी लिहिलेला मसुदा माझ्या हाती तो पहिलाच.

मग २०२० आलं. मेलबर्नमधली टाळेबंदी जगातल्या सर्वांत लांबलेल्या टाळेबंद्यांपैकी होती. ऑगस्टमध्ये तर रात्रीची संचारबंदी आणि घरापासून पाच किलोमीटरची मर्यादा होती. नियम भराभर बदलायचे आणि प्रत्येक बदल स्थलांतरितांना त्यांच्या भाषेत लवकर कळणं गरजेचं होतं. त्या दिवसांत मी जितकं काम केलं तितकं आधी कधी केलं नव्हतं. ओमेगाटी हे मुक्त सॉफ्टवेअर आधी भाषांतरित केलेली वाक्यं लक्षात ठेवतं. नियमाच्या नव्या मसुद्यात फक्त वेळ किंवा अंतर बदललं असेल तर बाकीचं वाक्य तयार मिळतं. माझ्या वेगाचं श्रेय मी त्याला देते.

मजकुराच्या मांडणीत मात्र फार त्रास झाला. मराठी न वाचता येणारा डिझायनर आपल्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर चिकटवतो आणि वेलांट्या सुटतात, जोडाक्षरांच्या जागी पाय मोडलेली अक्षरं येतात. असं छापलेलं पत्रक मी या शहरात भिंतीवर पाहिलं आहे आणि आरोग्याच्या बाबतीत मी ते क्षुल्लक मानत नाही. वाचताच येत नाही अशी सूचना म्हणजे सूचना नाहीच. मी तेव्हापासून अट घालते की छपाईपूर्वीची पीडीएफ मला दाखवल्याशिवाय काम पूर्ण धरायचं नाही. लिब्रेऑफिसमधून मी स्वतः तयार केलेला नमुना सोबत पाठवते. त्यामागे अक्षरं जुळवणारं हार्फबझ हे मुक्त इंजिन आहे. तेच फायरफॉक्समध्ये आहे, अँड्रॉइड फोनमध्येही आहे. तुमच्या खिशातल्या फोनवर मराठी जोडाक्षर नीट दिसत असेल, तर त्यात उघड्यावर लिहिलेल्या आणि कुणालाही तपासता येणाऱ्या संहितेचा वाटा आहे. फाँटचंही तसंच. रेड हॅटने खुला केलेला 'लोहित' आणि मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्त' हे फाँट मी रोज वापरते आणि त्यांच्यासाठी कुठलंही लॉक लावावं लागत नाही.

सगळं सोपं झालं असं मी म्हणणार नाही. काही एजन्सी विंडोजवरच चालणारं ठरावीक सॉफ्टवेअर मागतात आणि दुसऱ्या स्वरूपातली फाइल घ्यायला तयार नसतात. ती कामं मी सोडली. सुरुवातीचे काही महिने उत्पन्न कमी झालं, घरात चर्चा झाली. नवऱ्याचं म्हणणं होतं की तत्त्वासाठी एवढं कशाला. मला ते तत्त्वापेक्षा व्यवसायाचं वाटत होतं. ज्या हत्यारांची दुरुस्ती माझ्या भाषेतल्या माणसांना करता येत नाही, त्यांच्यावर पुन्हा आयुष्यभराचं काम ठेवायचं नाही, असं मी ठरवलं होतं. गटात बायका कमी होत्या, तेही मला खटकायचं. बोलून दाखवल्यावर वाद न घालता, सकाळची वेळ सोयीची पडेल का, मुलांना घेऊन येता येईल का, अशी व्यवहारातली विचारणा झाली. हे मला आवडलं.

मिळालेला तो अडॅप्टर पुढे द्यायचा असतो, हे लक्षात ठेवून मी आमच्या भागात सुरुवात केली. टार्नीट, पॉइंट कुक, वेरिबी या पट्ट्यात मराठी कुटुंबं पुष्कळ आहेत. शिकायला आलेली मुलं तर चार-चार जण एका घरात राहतात आणि नवा लॅपटॉप त्यांना परवडत नाही. एक मुलगा, साताऱ्याकडचा, रविवारी दारात उभा राहिला. "काकू, असाइनमेंट उद्या द्यायचीय आणि लॅपटॉप अर्धा तास नुसता फिरतोय." त्याच्या यंत्रावर मिंट घातलं. संध्याकाळी तो आमच्याकडेच जेवला आणि असाइनमेंट पूर्ण करूनच गेला. आता तोच इतरांना बसवून देतो आणि कुणी अडलं तर मला फोन येतो, "काकू, जरा बघता का?" ज्यांच्याकडे यंत्रच नाही त्यांना मी मेलबर्नच्या कम्प्युटरबँकेचं नाव सांगते. दान आलेले संगणक दुरुस्त करून, त्यांवर लिनक्स घालून, कमी उत्पन्नाच्या लोकांना स्वस्तात देण्याचं काम ही संस्था नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून करते आहे.

स्वतःचं म्हणून मी एवढंच करते की मिंटच्या पडद्यावर येणारे संदेश मराठीत आणायला हातभार लावते आणि हन्स्पेल या शुद्धलेखन-तपासनीसाच्या मराठी शब्दसंग्रहात नसलेले शब्द टिपून ठेवते, वैद्यकीय शब्द विशेषतः. मार्च २०२३ मध्ये 'एव्हरीथिंग ओपन' ही परिषद मेलबर्नलाच भरली. लिनक्स डॉट कॉन्फ डॉट एयूनंतर त्याच मंडळींनी सुरू केलेली ही परिषद. तिथे एका जेवणाच्या टेबलावर तमिळ, सिंहली आणि ख्मेर भाषांत काम करणारी माणसं भेटली. प्रत्येकाकडे जुन्या फाँटमध्ये अडकलेल्या मजकुराची तीच कहाणी होती. आमच्या तक्त्याची रचना त्यातल्या एकाने लिहून घेतली.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चाही नेहमीचा आधार संपला. कॅनालिस या विश्लेषक कंपनीने २०२३ च्या अखेरीस अंदाज केला होता की त्यामुळे जगभरातले सुमारे २४ कोटी संगणक कचऱ्यात जाऊ शकतात. त्यातले कित्येक तुमच्या-माझ्या घरांत आहेत आणि ते चालू शकतात. ते टाकण्याआधी पेन ड्राइव्हवरून लिनक्स एकदा चालवून पाहा. पाहायला पैसे लागत नाहीत.

आणखी एक मागणं पुण्या-मुंबईच्या, कोल्हापूर-नागपूरच्या माझ्या जुन्या सोबत्यांकडे आहे. ज्यांनी नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर छापखान्यांत, डीटीपी सेंटरांत मराठी जुळवलं, त्यांच्या कपाटांत अजून फ्लॉपी आणि सीडी पडून असतील. सीडीसुद्धा खराब होतात. ते जुने फाँट कुठल्या चिन्हावर कुठलं अक्षर ठेवायचे, हे माहीत असलेली माणसं आता निवृत्त होत आहेत. त्या फायली या वर्षी बाहेर काढा, युनिकोडमध्ये आणा, एक प्रत जवळच्या वाचनालयाला द्या. तक्ता करायला मदत लागली तर आपल्या गावातल्या लिनक्सच्या गटाकडे जा, नाहीतर अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या एखाद्या विद्यार्थ्याला शेजारी बसवा. त्याला कोड येतो, तुम्हाला अक्षरं येतात. कामाला एवढं पुरतं.